लाखोळी: बंदी नावावर नको, आकड्यावर हवी

नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड, भिवापूर, कुही, मौदा या तालुक्यांत आणि पुढे भंडारा-गोंदियात धान कापणीला आला की उभ्या पिकातच लाखोळीचे, म्हणजे लाख किंवा खेसारी डाळीचे दाणे फेकतात. नांगरट नाही, खत नाही, ओलित नाही. कापणीआधी दहा-पंधरा दिवस बांधीत जी ओल असते तिच्यावर दाणा उगवतो, आणि धान निघून गेल्यावर उरलेल्या ओलीवर पीक उभे राहते. चिखलणी केलेली ती काळी जमीन एकदा वाळून भेगाळली की तिथे हरभऱ्याची पेरणी जमतेच असे नाही. लाखोळी मात्र येते. डाळ घरात, कुटार बैलांना, कोवळ्या पाल्याची भाजी ताटात आणि हवेतले नत्र जमिनीत, इतके सगळे जवळजवळ फुकट देणारे दुसरे पीक धानपट्ट्यात नाही.

आणि हीच डाळ माणसाला कायमचे पांगळे करू शकते. दोन्ही विधाने खरी आहेत. नागपुरात मात्र हा वाद गेली कित्येक वर्षे असा चालतो, जणू यातले एकच खरे असू शकते. एका बाजूला ‘विष आहे, बंदी घाला’, दुसऱ्या बाजूला ‘आमचे आजे-पणजे खात आले, कुणाला काय झाले?’ या लेखाचे म्हणणे असे की कायद्याने लाखोळीच्या नावाकडे पाहणे सोडून तिच्यातल्या विषाच्या आकड्याकडे आणि खाणाऱ्याच्या ताटाकडे पाहावे. हे का, ते कळायला आधी ते विष शरीरात नेमके काय करते हे पाहावे लागेल.

लाखोळीच्या दाण्यात एक अमिनो आम्ल असते. त्याचे लांबलचक नाव बीटा-एन-ऑक्झॅलिल-डायअमिनोप्रोपिऑनिक आम्ल. व्यवहारात त्याला ओडॅप म्हणतात. 1964 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, आदिगा आणि शर्मा यांनी ते दाण्यातून वेगळे काढून त्याची रचना मांडली. ते प्रथिनांत बांधलेले नसते, सुटे असते आणि पाण्यात विरघळते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे स्वयंपाकघरात ती कामाची आहे.

ओडॅपची रचना ग्लुटामेटशी मिळतीजुळती आहे. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशी एकमेकींना ‘उद्दीपित हो’ असा जो संदेश देतात तो बहुतांशी ग्लुटामेटच्या रूपाने जातो. एका पेशीच्या टोकाशी ग्लुटामेट सुटते, मधली सूक्ष्म फट ओलांडते आणि समोरच्या पेशीवरच्या ग्राहक प्रथिनाला चिकटते. यातले एक मुख्य ग्राहक म्हणजे एएमपीए. ग्लुटामेट चिकटताच त्याच्यातले छिद्र काही मिलिसेकंद उघडते, सोडियम आत शिरते, पेशी उद्दीपित होते. लगेच शेजारच्या आधारपेशी ते ग्लुटामेट शोषून घेतात आणि फट मोकळी होते. संदेश देणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वेळेवर थांबणे.

ओडॅप याच एएमपीए ग्राहकावर बसते आणि तेच छिद्र उघडते. पाठवणाऱ्या पेशीने संदेश दिलेला नसतानाही घेणाऱ्या पेशीला तो मिळत राहतो. व्हरायटी चौकातले चारही सिग्नल एकदम हिरव्यावर अडकावेत तशी आत येणाऱ्यांची गर्दी होते. सोडियममागोमाग कॅल्शियमही पेशीत वाढते, आणि कॅल्शियमचा तो भार मायटोकाँड्रियांवर, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांवर पडतो. तिथून मुक्त मूलके, म्हणजे पेशीची मोडतोड करणारे अतिक्रियाशील कण सुटतात. अति उद्दीपनाने पेशी मरण्याच्या या प्रकाराला एक्सायटोटॉक्सिसिटी म्हणतात.

इथपर्यंतचे वर्णन पुष्कळांना माहीत असते. धोरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो दुसरा मार्ग, आणि त्याबद्दल फारच कमी बोलले जाते. पेशीच्या आवरणात एक अदलाबदल करणारे प्रथिन असते. ते बाहेरचे सिस्टीन आत घेते आणि आतले ग्लुटामेट बाहेर सोडते. ओडॅप या दारातूनही जाते. त्यामुळे सिस्टीनची आवक घटते. सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल. त्यातूनच पेशी ग्लुटाथायोन बनवते, आणि मुक्त मूलकांना आवरणारा तिचा मुख्य रक्षक ग्लुटाथायोनच आहे. म्हणजे ओडॅप एकीकडे मुक्त मूलके वाढवते आणि दुसरीकडे त्यांना रोखणारा साठा आटवते. उंदरांवरच्या भारतीय संशोधनात असे दिसले की ओडॅपमुळे मायटोकाँड्रियातल्या ऊर्जासाखळीचा पहिला टप्पा मंदावतो, तोही नेमका मेंदूच्या हालचाल-क्षेत्रात आणि कमरेजवळच्या मज्जारज्जूत. मादी उंदरांत ही हानी कमी असते, त्यामागे इस्ट्रोजेनचे संरक्षण आहे. गावांतल्या पाहण्यांतही बाधितांत तरुण पुरुषांचे प्रमाण जास्त आढळत आले आहे.

आता ताटाकडे या. लाखोळीत प्रथिने भरपूर, सव्वीस ते तीस टक्के. पण मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले तिच्यात तुटपुंजी. जो माणूस फक्त लाखोळीवर जगतो त्याला विष जास्त मिळते आणि त्याच विषाशी लढायला लागणारा कच्चा माल मिळत नाही. भात, मासे, अंडी, तीळ यांतून तो मिळतो. म्हणून भाताबरोबर वाटीभर लाखोळीचे वरण खाणारा शेतकरी धडधाकट राहतो, आणि त्याच गावात दुष्काळात लाखोळीच्या भाकरीवर तीन महिने काढणारा मजूर काठीवर येतो. ‘आजोबांना काही झाले नाही’ हा युक्तिवाद इथे कोसळतो. आजोबा काय-काय खात होते, ते विचारा. तलावांच्या जिल्ह्यात मासळीही होती आणि घरचा तांदूळही. ज्यांच्या घरी दोन्ही नव्हते त्यांचे नातू आज चर्चेत भाग घ्यायला सहसा नसतात.

रोगाची ओळख थोडक्यात सांगायला हवी, कारण ग्रामीण भागात त्याला संधिवात किंवा साधा लकवा समजण्याचा धोका असतो. पाय ताठ होतात, पोटऱ्यांत गोळे येतात, टाच टेकत नाही, चालताना गुडघे एकमेकांवर आदळतात आणि पाय कात्रीसारखे आडवे पडतात. संवेदना शाबूत असते, स्नायू सुकत नाहीत, डोके स्वच्छ असते. आधी एक काठी, मग दोन काठ्या, मग हातांवर सरकणे. डाळ बंद केली की रोग सहसा पुढे जात नाही, पण झालेली हानी भरून निघत नाही. जेवणातला साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लाखोळी, आणि तेही सलग दोन-तीन महिने, असा साधारण हिशेब निरनिराळ्या देशांतल्या साथींतून पुढे आला आहे.

इतिहास हेच सांगतो. 1830च्या दशकात सागर जिल्ह्यात गहू बुडाला, लाखोळी तगली, आणि लोक कमरेखाली लुळे झाल्याची नोंद स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने केली. मध्य प्रदेशातल्या रीवा भागात बांधील मजुरांना मजुरीच लाखोळीच्या धान्यात मिळे. तिथल्या पाहण्या 1960च्या दशकात प्रसिद्ध झाल्या. सगळ्यात स्पष्ट पुरावा छळछावणीतला आहे. 1942च्या हिवाळ्यात युक्रेनमधल्या वाप्नियार्का छावणीत ज्यू कैद्यांना रोज सुमारे 400 ग्रॅम लाखोळी आणि थोडा निकृष्ट पाव दिला जात होता. काही आठवड्यांतच माणसे पांगळी होऊ लागली. कैद्यांतलेच एक डॉक्टर आर्थर केसलर यांनी कारण ओळखले. सागर, रीवा, वाप्नियार्का या तिन्ही ठिकाणी खाणाऱ्याला निवड नव्हती. लाखोळीचा रोग हा निवड नसलेल्यांचा रोग आहे, आणि धोरण ठरवताना पहिला प्रश्न हाच हवा की कोणाला निवड नाही.

आता कायदा. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत 1961 साली ही बंदी आली. तिची रचना मजेशीर होती: राज्य सरकार ज्या दिवसापासून अधिसूचना काढील त्या दिवसापासून त्या राज्यात लाखोळी, तिची डाळ, तिचे पीठ आणि हरभऱ्याशी केलेले मिश्रण विकता येणार नाही. म्हणजे विष देशभर एकच, पण सीमा ओलांडली की ते विष राहायचे नाही. जिथे पीक सर्वाधिक होते अशी काही राज्ये वर्षानुवर्षे बंदीबाहेर राहिली. महाराष्ट्रात बंदी होती, तरी धानपट्ट्यात पेरा चालूच राहिला, कारण पिकवण्यावर बंदी नव्हतीच. नागपूरचे आहारतज्ज्ञ डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदी हटवण्यासाठी दीर्घ लढा दिला, आणि 2008 मध्ये राज्याने ती उठवली. 2016च्या सुरुवातीला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीने कमी विषाच्या वाणांना अनुकूल मत दिल्याच्या बातम्या आल्या आणि चर्चा पुन्हा पेटली.

बंदी उठली हे योग्यच झाले असे माझे मत आहे. पण ती उठवताना तिच्या जागी काहीच ठेवले नाही, ही गफलत आहे. पूर्वी नावावर बंदी होती, आता नावाला मुभा आहे. आकडा तेव्हाही कुणी विचारत नव्हते, आताही विचारत नाही.

आकडा विचारला तर काय दिसते? गावरान लाखोळीत ओडॅपचे प्रमाण साधारण 0.2 ते 0.7 टक्क्यांच्या दरम्यान असते, कधी त्याहूनही वर. समजा 0.5 धरले. 50 ग्रॅम डाळीत 250 मिलिग्रॅम ओडॅप. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘रतन’ आणि रायपूरच्या कृषी विद्यापीठाची ‘प्रतीक’ व ‘महातिवडा’ ही वाणे 0.1 टक्क्याच्या खाली आहेत. 0.07 धरले तर त्याच 50 ग्रॅममध्ये 35 मिलिग्रॅम. आणि दुष्काळात रोज 300 ग्रॅम गावरान लाखोळी खाणाऱ्याच्या पोटात 1,500 मिलिग्रॅम जातात. पस्तीस आणि पंधराशे या दोघांना कायदा एकच नाव देतो.

मग सगळीकडे रतन-महातिवडा पेरले की झाले, असे म्हणणारेही भेटतात. इथे जरा थांबावे लागते. पहिली अडचण मधमाशी. लाखोळीच्या फुलांत परपरागण बऱ्यापैकी होते. शेजारच्या बांधीत गावरान पीक असेल तर घरचे बियाणे राखून-राखून दोन-तीन वर्षांत वाणाची शुद्धता ढळते. एकट्याने सुधारित बी पेरून उपयोग नाही, सबंध शिवाराने ते एकदम बदलायला हवे आणि दर दोन-तीन वर्षांनी ताजे पायाभूत बियाणे मिळायला हवे. दुसरी अडचण जमिनीत आहे. पाण्याचा ताण पडला आणि जस्त कमी असले की झाड ओडॅप जास्त बनवते. उभ्या धानात फेकलेली लाखोळी शेंगा भरताना नेमकी ओल संपलेल्या जमिनीत असते, आणि सतत पाण्याखाली राहणाऱ्या धानाच्या जमिनींत जस्ताची कमतरता नेहमीची. म्हणजे पिशवीवर वाणाचे नाव बरोबर असूनही आतल्या मालाचा आकडा वर गेलेला असू शकतो. धानाला जस्त सल्फेट देणे हा यावरचा स्वस्त उपाय; तो लाखोळीसाठी म्हणून नाही तर धानासाठी म्हणून शेतकऱ्याला पटतो, आणि मागून येणाऱ्या लाखोळीला त्याचा फायदा मिळतो. पण खात्री हवी असेल तर ढीग तपासण्याला पर्याय नाही.

तपासणी अवघड आहे असा समज आहे. तसे नाही. दाणे दळायचे, साठ टक्के अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा, तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर उकळत्या पाण्याच्या भांड्यात अर्धा तास ठेवायचा, मग ऑर्थो-थॅलअल्डिहाइडचे द्रावण घालून येणारा पिवळा रंग 420 नॅनोमीटरला मोजायचा. ही पद्धत राव यांनीच 1978 साली दिली. कोणत्याही बऱ्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हे यंत्र असते. तिची एक मर्यादा आहे. ओडॅपची दोन रूपे असतात, जास्त विषारी बीटा आणि कमी विषारी आल्फा. रंगाची परीक्षा दोन्ही एकत्र मोजते. कच्च्या दाण्यात बहुतांश बीटाच असते, त्यामुळे बाजारातल्या ढिगासाठी हे चालते. शिजवलेल्या अन्नासाठी मात्र दोन्ही रूपे वेगळी करून मोजणारी द्रव क्रोमॅटोग्राफी लागते, कारण उष्णतेने बीटाचा काही भाग आल्फात बदलतो.

स्वयंपाकघराकडे वळू. ओडॅप पाण्यात उतरते, म्हणून पाणी फेकणे हाच खरा उपाय. साबूत दाणे रात्रभर थंड पाण्यात ठेवले तर साधारण एक तृतीयांशच निघते, कारण साल आड येते. सोललेली डाळ घ्यावी, तिच्या चार-पाच पट पाणी उकळून उतरवावे, त्यात डाळ घालून दोन-तीन तास झाकून ठेवावी, ते पाणी पूर्ण ओतून द्यावे, डाळ धुवावी आणि नव्या पाण्यात शिजवावी. विषाचा मोठा हिस्सा असा निघून जातो. काही ब जीवनसत्त्वेही जातात, हा आक्षेप खरा आहे. पण ती दुसरीकडून मिळतात, पाय मिळत नाहीत. चूक होते ती कुकरमुळे. मोजके पाणी घालून तीन शिट्ट्या दिल्या की डाळ मऊ होते आणि विष वरणातच राहते. ‘चांगली शिजवली’ आणि ‘पाणी फेकले’ यांतला फरक अंगणवाडीच्या भिंतीवर लिहायला हवा. कोवळ्या पाल्याची भाजी लोक निर्धास्त खातात. तिच्यातही ओडॅप असते, आणि ती उकळून पाणी काढण्याची पद्धत बहुतेक घरांत नाही.

अर्थात हा उपाय ज्याच्याकडे सरपण आणि पाणी मुबलक आहे त्याचा. दुष्काळी वर्षात नेमके तेच नसते. म्हणून घरगुती पद्धतीवर सगळी भिस्त ठेवणाऱ्या जागृती मोहिमा मला अपुऱ्या वाटतात.

नागपूर शहरापुरता सगळ्यात मोठा प्रश्न डाळीचा नाहीच, बेसनाचा आहे. पाटोडी, झुणका, भजी, गोळाभात, आलूबोंडा: या शहराचे बेसनाशिवाय चालत नाही. लाखोळी हरभऱ्यापेक्षा स्वस्त, रंगाने जवळची, आणि दळल्यावर ओळखू न येणारी. तिला हमीभाव नाही. हमीभावाच्या यादीत हरभरा, तूर, मूग, उडीद, मसूर आहेत, लाखोळी नाही. ज्या मालाला स्वतःच्या नावाने भाव मिळत नाही तो दुसऱ्याच्या नावाने विकला जाण्याचा मोह राहतो. आणि बेसनात ती शिरली की वर सांगितलेला एकमेव घरगुती उपाय बाद होतो. बेसन भिजवून त्याचे पाणी कोण फेकणार? म्हणून लाखोळीची डाळ खुली विकू द्यावी, पण पिठात तिचा अंशही नको, ही दोन वेगळी कलमे हवीत. एकाच बंदीत दोन्ही कोंबल्यामुळे दोन्ही फसली.

डाळीत मिसळ ओळखायला डोळा पुरतो: लाखोळीची फाक पाचरीसारखी, एका बाजूने उतरती आणि कडांनी चौकोनी असते, तूर-हरभऱ्याची गोलसर. बेसनासाठी जुनी परीक्षा अशी की थोड्या पिठात विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पंधरा मिनिटे मंद उकळत्या पाण्यावर ठेवायचे; गुलाबी छटा आली तर लाखोळीचा संशय. आम्ल घालताच, गरम न करताही जांभळट गुलाबी झाले तर ते मेटॅनिल यलो या बंदी असलेल्या रंगाचे लक्षण. या दोन्हींची गल्लत नेहमी होते. ही परीक्षा संशयापुरतीच, खटल्यापुरती नव्हे.

तर नागपूरच्या कळमना धान्यबाजारात काय व्हावे? लाखोळीची आवक वेगळ्या ढिगात, वेगळ्या नावाने नोंदवावी. प्रत्येक मोठ्या लॉटचा नमुना घेऊन ओडॅपचा आकडा पोत्यावर लावावा. 0.1 टक्क्याच्या आत असेल तर ‘लाखोळी डाळ, भिजवून पाणी काढून शिजवावी’ अशा छापासह किरकोळीत जाऊ द्यावी. त्याहून जास्त असेल तर डाळमिलला भिजवून-वाळवून पुन्हा नमुना देण्याची संधी द्यावी. सरसकट जप्तीची भीती घातली की माल रात्रीच्या ट्रकने पिठाच्या गिरणीकडे वळतो. घोड्यांना ती बाधते हे जुने ज्ञान आहे, त्यामुळे ‘नापास माल जनावरांना’ ही पळवाटही मोकळी सोडू नये. तपासणीचा खर्च शेतकऱ्यावर टाकला तर योजना पहिल्या हंगामातच मरेल. तो बाजार समितीच्या सेसमधून यावा. शहरात प्रादेशिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे, लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत (आता विद्यापीठ) अन्नतंत्रज्ञान शिकवले जाते, कृषी महाविद्यालय आहे. मनुष्यबळ नाही असे म्हणायला जागा नाही.

आणि एक ठाम मनाई हवीच: रेशन, शालेय पोषण आहार, अंगणवाडी, वसतिगृह, तुरुंग, मजुरीचा धान्यरूपी मोबदला, यांत लाखोळी कुठल्याही आकड्याची असली तरी नको. कमी विषाची, स्वस्त, प्रथिनयुक्त म्हणून ती सरकारी थाळीत घालण्याची कल्पना कधीतरी कुणाला सुचेलच. बाजारातून घेणारा आज लाखोळी, उद्या तूर, परवा काहीच नाही असे करू शकतो. थाळीत जे पडेल तेच खाणाऱ्या मुलाला तसे करता येत नाही, आणि कोणत्या वर्षी पाऊस लवकर गेला म्हणून त्या लॉटचा आकडा वर गेला हे स्वयंपाक करणाऱ्या बाईंना कळण्याचा मार्ग नाही. समर्थक कधी-कधी सांगतात की हेच रसायन चिनी जिनसेंगच्या एका जातीत असते आणि रक्तस्राव थांबवायला वापरतात. खरे आहे. पण औषध मोजून, थोडे दिवस देतात. थाळी रोज येते.

धानपट्ट्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी पाय ताठरलेल्या प्रत्येक नव्या रुग्णाला मागच्या सहा महिन्यांत लाखोळी किती आणि कशाबरोबर खाल्ली हा एक प्रश्न विचारून नोंदवावा. पावसाने दगा दिलेल्या वर्षी ही विचारपूस फेब्रुवारीतच सुरू व्हावी, कारण नवी लाखोळी तेव्हा घरात येते आणि पहिले रुग्ण दोन-तीन महिन्यांनी दिसतात. तेवढ्या अवधीत त्या गावांत तांदूळ आणि तेलबिया पोचवता येतात.